जोडावरच्या रेघा

"पाहिलं मी," बाबा फोनवर म्हणाले. "छान झालंय. आणि रंग काढून टाकलेस ते फार बरं केलंस."

मी ऑफिसच्या खिडकीशी उभी होते, एका हातात पाण्याची बाटली. तिचं झाकण उघडायचं राहूनच गेलं. रंग मी काढले नव्हते. उलट गेले सात महिने रंग घालण्यापलीकडे मी काहीच केलं नव्हतं. घरचे कंटाळले होते, डोळे कोरडे पडले होते, आणि आता कुठे ते काम इंटरनेटवरच्या एका पानावर चढवून मी बाबांना त्याची लिंक पाठवली होती. "काढून टाकले म्हणजे?" मी विचारलं. "म्हणजे अक्षरं नुसती काळी ठेवलीस ना," बाबा म्हणाले, "भारदस्त वाटतात. तुझंच बरोबर होतं." मग त्यांनी जेवलीस का विचारलं, मी हो म्हटलं, आणि फोन ठेवला. आवाजात तक्रार नव्हती, टोमणा तर नव्हताच. लहान मुलाने पहिल्यांदा केलेला चहा प्यायल्यावर आपण ज्या सुरात चांगला झालाय म्हणतो, तो सूर होता. त्यामुळेच मला कुठे बसावं ते कळेना.

बाबांनी एकेचाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या आणि भिंती रंगवल्या. सगळे त्यांना पेंटर म्हणत. पोस्टमनसुद्धा. त्यांचं अक्षर जाडजूड, पोटाशी फुगलेलं, वर शेंदरी आणि खाली येता येता काळपट तांबडं होत जाणारं, कडेला पिवळी किनार आणि उजव्या अंगाला निळी सावली. असं अक्षर आमच्या भागात दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. त्यांनी रंगवलेली एकही भिंत आता उरलेली नाही. आमच्या सहा माणसांच्या ऑफिसात पडद्यावरची अक्षरं तयार होतात, आणि तिथे मी हट्टाने हे काम मागून घेतलं की बाबांच्या अक्षरांचा एक रंगीत फॉन्ट करायचा. म्हणजे चित्रं नव्हेत. खरी अक्षरं, टाइप करता येतील अशी, कितीही मोठी केली तरी कड फाटणार नाही अशी, आणि जन्मतःच रंग अंगावर घेऊन आलेली. कोणत्या आकारावर कोणता रंग चढवायचा, ते सगळं फॉन्टच्या फाइलीतच लिहून ठेवायचं असतं. वाचणाऱ्याच्या ब्राउझरने ते समजून घ्यायचं आणि तसं रंगवायचं. माझ्याजवळ होते ते पाच जुने फोटो, त्यांतले चार काळेपांढरे, आणि माझी आठवण. शेंदरी कुठे संपतो आणि तांबडा कुठे सुरू होतो हे कळू नये म्हणून एकेका अक्षरावर मी आठवडा आठवडा घालवला. माझ्या आठवणीत ते कळत नसे.

तुझंच बरोबर होतं, हे बाबांचं वाक्य मला जास्त छळत होतं, कारण ते कशाबद्दल बोलत होते ते मला पक्कं माहीत होतं. मी अक्षरकलेचं शिकायला गेले तेव्हा वीस वर्षांची होते. पहिल्याच सुट्टीत घरी आले ती डोक्यात हवा भरून. जेवायला बसल्यावर बाबांनी नव्या भिंतीबद्दल सांगायला सुरुवात केली, आणि मी भात कालवता कालवता म्हटलं, "अक्षर काळ्यात उभं राहिलं पाहिजे, बाबा. तुमचे रंग म्हणजे चेहऱ्याला थापलेली पावडर आहे." आईने माझ्याकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "असेल, असेल. शिकलेली माणसं सांगतात म्हणजे असेलच." आणि त्यांनी ताक मागितलं. मला वाटलं विषय संपला. किती तरी वर्षांनी, माझी मुलगी पोटात असताना, आईने सहज सांगितलं की त्यानंतर चार-पाच महिने बाबांनी सगळ्या पाट्या एकाच रंगात लिहिल्या होत्या. दुकानदार विचारायचे, पेंटर, डबे संपले का? बाबा म्हणायचे, आता असंच चालतं, माझी मुलगी शिकतेय त्यातलं. शेवटी एका शिंप्याने पाटी परत पाठवली तेव्हा कुठे ते पुन्हा रंगांकडे वळले. आई हे हसत सांगत होती. मीही हसले, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. त्याबद्दल मी बाबांशी कधी बोलले नाही. बोलण्याऐवजी फॉन्ट करावा अशी माझ्यासारख्या माणसांची अक्कल. सात महिने खपून मी त्यांची माफी रंगांत लिहिली, आणि त्यांच्या फोनने ती काळी करून त्यांना दाखवली.

आमच्याकडे एक मुलगा आहे, तीस-बत्तीसचा, त्याला सगळे तक्तेवाला म्हणतात. कोणता ब्राउझर कोणत्या प्रकारचा रंगीत फॉन्ट दाखवतो याचा त्याने भिंतभर तक्ता केलाय. दिसतो तिथे हिरवा रकाना, नाही तिथे लाल, आणि दर महिन्याला तो स्टुलावर चढून रकाने बदलतो. एखादा लाल रकाना हिरवा झाला की सगळ्यांना बिस्किटं वाटतो. मी त्याच्यासमोर जाऊन बसले आणि बाबांचा फोन कोणता ते सांगितलं. तो माझ्या मुलीचा जुना फोन, तिने नवा घेतला तेव्हा आजोबांना दिलेला.

"लाल," तो तक्त्याकडे न बघताच म्हणाला. "ताई, तुम्ही वापरलाय तो प्रकार सगळ्यांत नवा. छटा एकातून दुसऱ्यात विरघळते ती त्यातच. त्या फोनच्या ब्राउझरला तो येत नाही."

"मग त्याने तसं सांगायला नको? मला दिसत नाहीये म्हणून?"

"नाही सांगत. रंगांचं काही कळलं नाही तर आतला काळा सांगाडा दाखवतो आणि पुढे जातो. बघणाऱ्याला वाटतं, असंच असेल." त्याने माझ्याकडे पाहिलं. "बाबांना वाटलं का तसं?"

मी मानेनेच हो म्हटलं. मग तो खुर्ची ओढून नीट बसला. एक जुना प्रकार असतो, तो म्हणाला, त्यात प्रत्येक अक्षराच्या पोटात अख्खं चित्र कोंबतात. तो त्या फोनवर चालेल, पण आपली जोडाक्षरं इतकी की फाइल फुगेल, पान उघडेपर्यंत बाबांची एक डुलकी होईल, आणि दुसऱ्या ब्राउझरांत तो पुन्हा लाल. आणि एक आहे सपाट थरांचा. एका थराला एकच रंग, थरावर थर. तो सगळ्या रकान्यांत हिरवा, अगदी डबड्या फोनवरसुद्धा. "पण त्यात छटा नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, छटा नसेल तर ते माझ्या बाबांचं अक्षरच नाही. हे मी इतकं ठणकावून सांगितलं की शेजारच्या टेबलावरची हिशेबनीस बाई मान वर करून बघायला लागली. तक्तेवाला समजूत काढल्यासारखं म्हणाला, "मग तुमच्या लॅपटॉपवर दाखवा की. तिथे हिरवा आहे." इतकं साधं होतं ते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी लॅपटॉप घेऊन निघाले.

बाबांच्या घराकडे जाताना वाटेत माझी शाळा लागते. शाळेसमोर रस्ता, रस्त्यापलीकडे दुकानांची रांग, आणि त्या रांगेच्या वरची लांबच लांब भिंत एका वर्षी बाबांकडे आली होती. अकरा वर्षांची होते मी. शाळा सुटली की आम्ही सहा-सात जणी बाहेर पडायचो आणि समोर शिडीवर बाबा पाठमोरे असायचे, बनियनवर, केसांत निळे थेंब. तोपर्यंत मी घरी त्यांच्या पायांत पायांत करायचे. घरी यायच्या त्या पाट्या छोट्या, एकरंगी, नावाच्या. त्यावरचे अनुस्वार मी भरायचे आणि म्हणून मला ठिपके अशी हाक असायची. रस्त्यावर मात्र मी ठिपके नव्हते. एकदा आमच्यातली एक म्हणाली, त्या माणसाच्या डोक्यात बघ किती रंग पडलाय. मी म्हटलं, हो ना. बस, एवढंच. पण हे हो ना माझ्यात रुतून बसलेलं आहे. दुसऱ्या मुली चालू लागल्या की मी बूट बांधायचं निमित्त करून मागे राहायचे आणि वर बघायचे. बाबांकडे नाही, अक्षरांकडे. तांबडा असा खाली उतरत यायचा की कुठे बदलला ते कळायचं नाही. अभिमान म्हणावा तर मी रस्ता ओलांडत नव्हते, आणि लाज म्हणावी तर नजर हलत नव्हती. ते पाठमोरे आहेत, एवढ्या आधारावर मी रोज तिथे उभी राहायचे.

घरी पोचले तेव्हा बाबा बाल्कनीत उभे राहून खालच्या गाड्यांचे नंबर वाचत होते. मोतीबिंदूचं दुसरं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला होता. जन्मभर त्यांना लांबचं अंधूक दिसायचं. शिडीवर चष्मा कधीच नसायचा, कारण घामाने घसरतो आणि काचांवर थेंब उडतात. आता डोळ्यांत नवी भिंगं बसली, लांबचं लख्ख दिसायला लागलं, आणि जवळच्यासाठी तेवढा चष्मा राहिला. "आल्या-गेल्याची हजेरी घेतात दिवसभर," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कोणतं कॅलेंडर लावलंय ते विचार त्यांना."

मी चप्पल काढतानाच सांगून टाकलं की रंग काढलेले नाहीत, आहेत, तुमच्या फोनला दिसले नाहीत. "असू दे गं," बाबा म्हणाले. "मला आवडलंय तसं." त्यांना वाटलं मी सारवासारव करतेय. मी लॅपटॉप उघडला तर ते मान वळवून पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले. "तुझ्या मशीनवर चांगलंच दिसणार. पाटी काय दुकानाच्या आत बसून वाचायची असते? येणाऱ्याजाणाऱ्याला काय दिसतं ते खरं. माझ्या फोनवर काळं दिसलं, म्हणजे लोकांनाही काळंच दिसणार. आणि काळं चांगलं आहे."

मग माझा तोल गेला. रागाने की कशाने कोण जाणे, पण तीस वर्षं जे जमलं नव्हतं ते बाल्कनीच्या उंबरठ्यावर उभ्या उभ्या तोंडातून बाहेर पडलं. "बाबा, मी तेव्हा चुकीचं बोलले होते. मला काही कळत नव्हतं. तुमचे रंग म्हणजे पावडर नव्हती, आणि तुम्ही ते चार महिने ज्या पाट्या केल्या त्याचं मला अजून वाईट वाटतं." स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बाबा बाल्कनीतून आत आले, खुर्चीत बसले, आणि जवळचा चष्मा शर्टाच्या टोकाला पुसायला लागले. "त्या पाट्या वाईट नव्हत्या तशा," ते शेवटी म्हणाले. "शिंप्याचीच काय ती फसली. आण बघू तुझं ते."

चष्मा चढवून त्यांनी पडद्याला नाक लावलं. नमुन्याला मजकूर मी त्यांच्याच एका पाटीवरचा घेतला होता, शिलाई मशीन दुरुस्त करून मिळेल. ते किनारीवरून गेले, निळ्या सावलीवरून गेले, मान डोलावत होते, आणि मग एका ठिकाणी थांबले. बोटाने खूण केली, मोठं कर. मी केलं. आणखी मोठं. अख्ख्या पडद्यावर एकच अक्षर उरलं, शेंदरीतून तांबड्यात आणि तांबड्यातून काळपटात लोण्यासारखं वितळत गेलेलं.

"हे काय केलंस?"

"तुमची छटा."

"मी कुठे अशी छटा करायचो?" बाबा खरोखरच गोंधळले होते. "अगं, उन्हात भिंतीवर तेलरंग. हात उचलेपर्यंत वाळतो. मिसळत बसलो असतो तर एका अक्षराला दिवस गेला असता. तीन पट्टे मारायचे. शेंदरी, तांबडा, काळपट. तिन्ही सपाट. आणि दोन पट्ट्यांच्या जोडावर बारीक ब्रशने रेघा ओढायच्या, वरच्या रंगाच्या खाली उतरणाऱ्या, खालच्या रंगाच्या वर चढणाऱ्या, दोन कंगवे एकमेकांत घुसवल्यासारख्या. संपलं." त्यांनी टेबलावर बोटाने झरझर रेघा मारून दाखवल्या. एक्याऐंशीव्या वर्षीही बोट थरथरलं नाही. "माझ्या गुरूंनी सांगितलं होतं, जोडावर रेघा मार, रस्त्यापलीकडून एकजीव दिसतं. मी मारल्या. त्यांनी सांगितलं म्हणजे दिसत असणार."

मी पडद्याकडे बघत राहिले. सात महिने. पाचही फोटो पलीकडून काढलेले. आणि माझी आठवणही पलीकडूनच काढलेली. त्या भिंतीच्या खाली मी एकदाही उभी राहिले नव्हते. राहिले असते तर रेघा दिसल्या असत्या, अकरा वर्षांच्या मुलीलाही दिसल्या असत्या. सबंध फॉन्टमध्ये, प्रत्येक अक्षरात, मी रस्ता न ओलांडल्याची कबुली भरून ठेवली होती, आणि बाबा ती नाकाला लावून वाचत होते.

"तू पलीकडून बघायचीस ना," बाबा म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला कुठे लांबचं दिसायचं. चेहरे नाही कळायचे. शाळा सुटली की डबा बदलायला मी मान वळवायचो, तेव्हा नुसते रंग दिसायचे. त्यात तुझं दप्तर पिवळं. बाकीचे पुढे जायचे आणि पिवळं थांबायचं." त्यांनी चष्मा काढला. "पिवळं थांबलं की म्हणायचो, जमलंय. नाही थांबलं तर दुसऱ्या दिवशी ते अक्षर पुन्हा गिरवायचो. तसं मला दुसरं कोण सांगणार होतं?"

"हाक का नाही मारलीत?"

"पळाली असतीस," बाबा म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. पन्नाशीची बाई मी, रडले. आई येऊन माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवून गेली, आणि जाता जाता बाबांना म्हणाली, "आता तुम्ही नका सुरू करू."

दुसऱ्या दिवशी मी तक्तेवाल्याला सांगितलं, छटा काढून टाकायची, सपाट थर घ्यायचे. तो घाबरला. माझी तब्येत बरी आहे का ते त्याने आडून आडून विचारलं. मी त्याला रेघा दाखवल्या. तीन पट्टे, दोन जोड, आणि जोडांवर कंगवे. त्याने एक अक्षर तपासलं, मग खुर्ची मागे ढकलून हसत सुटला. बाबांनी एकेचाळीस वर्षं जे केलं ते सगळ्यांत साध्या प्रकारात बसत होतं. तक्त्यात लाल होती ती मी रस्त्यापलीकडून पाहिलेली छटा. अकरा दिवस मी पुन्हा खपले. हात मात्र हलका होता. आता मला आठवायचं काहीच नव्हतं. रोज संध्याकाळी बाबांना फोन करायचा आणि विचारायचं, इथे रेघा किती? ते सांगायचे, वळणावर जास्त, सरळ दांड्यावर कमी. कधी म्हणायचे, तिथे मी आळस करायचो, तूही कर. फाइल तयार झाली तेव्हा तक्तेवाल्याने आठ फोन आणि चार जुनी मशीनं ओळीने मांडून उघडून दाखवली आणि बिस्किटांचे दोन पुडे फोडले.

रविवारी दुपारी मी बाबांच्या घरी गेले आणि त्यांना त्यांच्याच फोनवर पान उघडायला लावलं. उघडलं. तांबडं, पिवळं, निळं. त्यांनी चष्मा लावून एका अक्षराच्या जोडावर बोट ठेवून रेघा मोजल्या. मोजून झाल्यावर म्हणाले, "थोड्या तिरक्या हव्या होत्या, पण ठीक आहे." मग फोन माझ्या हातात दिला. "धर जरा."

त्यांनी चष्मा काढून खिशात घातला आणि दार उघडून बाहेर गेले. इमारतीचा पॅसेज लांबलचक आहे, आठ दारांचा. मी उंबरठ्याबाहेर उभी राहून फोन आडवा करून छातीशी धरला आणि बाबा भिंतीला हात लावत लावत चालत राहिले, थेट जिन्यापर्यंत. तिथे ते वळले. मधल्या दारातून शेजारीण कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि काय चाललंय ते न कळून दोघांच्या मधून वाकून गेली.

"परत रंग मिसळलेस का गं?" बाबांनी तिकडून विचारलं.

"नाही बाबा. रेघाच आहेत. तुम्ही आत्ताच मोजल्यात."

ते डोळे बारीक करायला गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं असावं की आता त्याची गरज नाही. नुसतेच बघत राहिले. एकेचाळीस वर्षं गुरूंच्या शब्दावर विश्वास ठेवून ते शिडीवर उभे राहिले होते.

"असं दिसायचं होय तुला," बाबा म्हणाले.

मी हो म्हटलं. आतून आईने चहा निवतोय म्हणून हाक मारली, मग पुन्हा मारली. बाबा जागचे हलले नाहीत, म्हणून मीही हात खाली केला नाही.